बिराप्पानं इंजिन धुतलं नाही

जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला टेकून असलेल्या त्या गावात बिराप्पाच्या लहानपणी पोहता येणारा माणूस शोधावा लागायचा. विहिरींचे तळ दिसायचे आणि ओढ्याच्या पात्रातून बैलगाड्या जायच्या. मेंढरांमागं वाढलेला हा पोरगा फौजेत गेला आणि फौजेनं त्याला टाकलं ते नेमकं बोटींवर. नद्यांवर तरंगते पूल टाकणाऱ्या तुकडीत त्याची उमेदीची वर्षं गेली. बोट चालवायची, तिचं इंजिन खोलून पुन्हा बसवायचं, गार पाण्यात कमरेपर्यंत उभं राहून दोर ओढायचे, हेच त्याचं शिपाईपण. सुट्टीवर आला की देवळापुढं बसलेली म्हातारी माणसं विचारायची, “बिराप्पा, येवढं लोखंड पाण्यावर ऱ्हातं कसं रं?” तो नुसता हसायचा.

बोलणं कमी असलं तरी त्याची एक खोड गावाला माहीत होती. बिराप्पा विसरत नसे. शाळेत एका गुरुजींनी पेन चोरल्याचा खोटा आळ घेऊन त्याला सगळ्या वर्गासमोर मारलं होतं. पुढं ते गुरुजी निवृत्त झाले, गावानं सत्कार ठेवला. बिराप्पा तेव्हा सुट्टीवर होता. हाराची वेळ आली तसा तो भर मांडवात उठला आणि शांतपणे म्हणाला, “गुरुजी, ते पेन घावलं का वो?” गुरुजींना काहीच आठवेना. बिराप्पाला त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टाही आठवत होता.

फौजेतून सुटल्यावर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची त्याची तयारी नव्हती. कुणीतरी सांगितलं, साताऱ्याच्या बाजूला कोयना धरणाच्या पाण्यावर पर्यटकांच्या बोटी चालतात. तो तिथं गेला आणि वीरधवल नावाच्या मालकाकडं लागला. वीरधवल कऱ्हाडकडच्या मोठ्या बागायती घरातला. ऊस थोरले भाऊ बघायचे, याला वेगाचा नाद. महाबळेश्वरला आलेले पाहुणे तो खाली धरणावर आणायचा, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत त्याच जेट बोटी ट्रेलरवर चढवून, घाट उतरून कोकणात समुद्रावर न्यायचा. बोलायला गोड, कामगारांच्या वाढदिवसाला केक आणणारा. फक्त थांबणं त्याला जमायचं नाही. पुढं एसटी दिसली तरी त्याचा हात हॉर्नवरून निघत नसे.

बोटींची सगळी जबाबदारी बिराप्पाकडं आली. सगळे त्याला मेजर म्हणत. जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून ती पाणी आत ओढते, मागच्या तोंडातून जोरात फेकते आणि त्या धक्क्यावर पळते. त्यातलंच थोडं पाणी इंजिनाभोवती फिरून त्याला थंड ठेवतं. धरणात यानं काही बिघडत नाही. समुद्रात मात्र तेच पाणी जाता जाता आत मीठ ठेवून जातं. म्हणून बोट समुद्रातून वर आली की पहिल्यांदा तिला गोडं पाणी पाजायचं. मागं नळी जोडायची, आधी इंजिन चालू करायचं, मगच पाणी सोडायचं. आतलं सगळं खारं निघून गेलं की आधी पाणी बंद, मग इंजिन. बिराप्पा इंजिनाशी बसायचा आणि बोटी पुसायला ठेवलेली काठावरच्या गावची सोनिया नळाशी उभी राहायची. त्यानं मान हलवली की ती कॉक फिरवायची. दोघांना बोलावंही लागत नसे.

दुसऱ्या वर्षी बिराप्पानं धाकट्या भावाला, तात्याबाला, तिथं आणलं. तात्याबाकडं थोडीच मेंढरं उरली होती. अंगानं सडपातळ, चेहऱ्यानं हसरा. बिरोबाच्या यात्रेत धनगरांच्या गजी नृत्यात ढोल त्याच्या गळ्यात असायचा आणि त्याच्या उजव्या हाताची टिपरी पडली की लांबची माणसं मान वळवायची. देवाचा ढोल वाजवायचा म्हणून त्यानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. लग्नाच्या वरातीतही तो सरबत प्यायचा. बिराप्पानं त्याला बोट शिकवली आणि तो पाण्याला असा सरावला की जणू काठावरच जन्मला होता.

शिमग्यानंतरच्या एका सुट्टीत हे सगळे कोकणात किनाऱ्यावर होते. वीरधवलनं नुकतीच घेतलेली लाल बोट पाहुण्यांना फिरवून परत येत होती. उथळ पाण्यात मच्छीमारांच्या जाळ्याचा तुटका दोर बोटीच्या पोटाखालच्या जाळीत अडकला आणि इंजिन घुसमटून बंद पडलं. तात्याबा पाण्यात उतरला. बोटीखाली हात घालून, जाळीच्या गजांमधून बोटं आत सारून तो दोर मोकळा करू लागला. दुसरा चालक जयराज बोटीची कड धरून त्याच्या शेजारीच पाण्यात उभा होता. वीरधवल वर सुकाणूशी बसला होता. पाहुण्यांतली लहान मुलं उन्हानं रडायला लागली होती.

“झालं का रं?” वीरधवलनं विचारलं.

“थांबा दादा, अजून हात आत हाय,” तात्याबा म्हणाला.

वीरधवलनं ते ऐकलं की नाही, देव जाणे. त्यानं बटण दाबलं. इंजिन एक क्षणभरच फिरलं. दोर आवळला गेला आणि त्यानं तात्याबाची बोटं आत ओढली.

बिराप्पा किनाऱ्यावर ट्रॅक्टरशी होता. ओरडणं ऐकून तो धावला तेव्हा पाण्याचा रंग बदलला होता. दवाखान्यात नेईपर्यंत तात्याबा शुद्धीवर होता आणि एकच विचारत होता, “अण्णा, बोटं घावतील का?” उजव्या हाताची तीन बोटं गेली.

हे घडलं तिथंच चूक कबूल करून वीरधवल वाकला असता, तर पुढचं काही झालं नसतं. बिराप्पा आजही हे सांगतो. चुकून बटण दाबणारी माणसं त्यानं फौजेत पाहिली होती. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वीरधवल खाली बघून म्हणाला, “काय सांगू साहेब, पिऊन होता. चालू इंजिनात हात घातला.” डॉक्टरांनी जयराजकडं पाहिलं. जयराजनं मान डोलावली. तात्याबा तेव्हा आत, ऑपरेशनच्या टेबलावर होता.

खोटं माणसाच्या आधी गावात पोचलं. तात्याबा हाताला पांढरं गाठोडं बांधून घरी आला तेव्हा लोक भेटायला आले, हळहळले आणि जाता जाता म्हणाले, “कशाला पीत बसलास रं?” त्या वर्षीच्या यात्रेत ढोल दुसऱ्याच्या गळ्यात गेला. ते त्यानं सोसलं असतं. पण देवाच्या आवारात त्याच्यामागं कुजबूज झाली, तशी त्यानं भाकणूक, म्हणजे देवापुढं सांगितलं जाणारं येत्या वर्षाचं भाकीत, ऐकायला जाणंही सोडलं.

बिराप्पा मात्र नोकरीवर राहिला. याचं सगळ्यांना नवल वाटलं. वीरधवलला तर बरंच वाटलं. त्याला वाटलं, मेजर शहाणा माणूस आहे. एकदा बिराप्पा गावी आला तेव्हा तात्याबाची बायको धोंडुबाई ज्वारी निवडत होती; त्याला पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

“भाऊजी, त्या माणसाचं मीठ गोड लागतंय का वो अजून?” ती म्हणाली.

बिराप्पा आल्या पावली परत फिरला. मुक्कामही केला नाही. जतपासून साताऱ्यापर्यंत एसटीच्या खिडकीशी तो बसून होता आणि धोंडुबाईचं ते एक वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं. कऱ्हाड मागं पडेपर्यंत त्याला काय करायचं ते कळलं होतं.

मेअखेरीला समुद्रावरची शेवटची फेरी झाली. सगळ्या बोटी घाट चढून धरणाकाठच्या शेडमध्ये आल्या. आता पावसाळाभर त्या ट्रेलरवरच राहणार होत्या. सोनिया नेहमीप्रमाणे नळाशी येऊन उभी राहिली. दोघांनी मिळून बाकीच्या बोटी धुतल्या. लाल बोट उरली तेव्हा बिराप्पा म्हणाला, “तू जा घरी. आभाळ आलंय. हिचं मी बघतो.”

“एकटं कसं करताल मेजर? नळ कोण फिरवंल?”

“जा म्हणतोय न्हवं.”

ती गेली. बिराप्पानं नळी उचलली आणि बोटीचं अंग बाहेरून स्वच्छ धुतलं. काच पुसली, गाद्या पुसल्या. नळी मागं जोडली नाही. इंजिन चालू केलं नाही. वर ताडपत्री ओढून दोऱ्या घट्ट बांधल्या आणि शेजारच्या दगडावर बसून तंबाखू मळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या रात्री त्याला जेवण गोड लागलं.

मग पाऊस लागला. त्या खोऱ्यात पाऊस लागला की समोरचा डोंगर आठवडे दिसत नाही. भिंतींना बुरशी येते, काडेपेटी ओढली तरी पेटत नाही. अशा ओल्या हवेत मीठ गप्प बसत नाही, ते ओल धरतं आणि लोखंड, ॲल्युमिनियम काही न बघता खात सुटतं. बिराप्पा शेडमध्येच राहायला होता. मधूनमधून तो ताडपत्री वर करून झाकण उघडून बघायचा. आधी बोल्टांभोवती पांढरी भुकटी दिसली. मग तिच्याखाली फोड आल्यासारखे डाग. पाण्याची नळी चार पावलांवर होती. अजूनही धुतलं असतं तर बरंचसं वाचलं असतं, हे त्याला माहीत होतं. तो बघायचा आणि झाकण लावायचा. कधी कधी इंजिनाशी बोलायचाही. “खा,” म्हणायचा, “खा निवांत.”

वीरधवलचा फोन यायचा. “मेजर, बोटी ओके ना?”

“ओके, दादा.”

“लाल?”

“लाल तर एकदम ओके.”

फोन ठेवल्यावर तो हसायचा. तसं हसताना कुणी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

दसऱ्याला बोटींची पूजा झाली. नवा हंगाम सुरू होणार होता आणि महाबळेश्वरचे काही हॉटेलवाले खास लाल बोट बघायला येणार होते. त्यांचे पाहुणे आपल्याकडं यावेत म्हणून वीरधवलनं महिनाभर त्यांची मनधरणी केली होती. झेंडूची माळ घातलेली बोट पाण्यात उतरली. बिराप्पाला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. त्यानं प्रत्येक पाहुण्याच्या लाईफ जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून पाहिला आणि दुसरी बोट चालू स्थितीत काठाला तयार ठेवली. इंजिन खोकत खोकत चालू झालं. वीरधवल सुकाणूवर बसला आणि सवयीप्रमाणं निघाल्या निघाल्या वेग दिला.

पाण्याच्या मधोमध बोट पोचली आणि धोक्याचा भोंगा वाजू लागला. काठावर तो स्पष्ट ऐकू आला. वीरधवलनं थांबायला हवं होतं. पण पाहुणे बसले होते, आणि थांबणं त्याला जमत नव्हतं. त्यानं तशीच बोट रेटली. मागून पांढरा, मग काळा धूर निघाला, आत काहीतरी करकरलं आणि सगळं गप्प झालं. पाण्यावर नुसती झेंडूची फुलं हलत होती. बिराप्पानं तो करकर आवाज डोळे मिटून ऐकला.

दोर बांधून त्यानंच बोट ओढून आणली. पाहुणे एकही शब्द न बोलता गाड्यांत बसले. झाकण उघडल्यावर आतली अवस्था बघून वीरधवलचा चेहरा पडला.

“धुतलीच नाही ही! सोनिया! मेमध्ये बोटी कुणी धुतल्या?”

“आमी दोघांनी, दादा. पर हिला मेजर—”

“मेजरचं नाव घेऊ नको. त्यांचं काम मला माहीत आहे. मोबाईल बघत बसली असशील नळाशी. चल, चालती हो इथून!”

सोनियानं बिराप्पाकडं पाहिलं. त्यानं आपले ऑइलचे हात चिंधीला पुसले आणि दुसरीकडं बघितलं. एक शब्द बोलला असता तर वीरधवलला सगळं कळलं असतं, आणि बिराप्पाला मालकाचा तो पडलेला चेहरा अजून थोडा वेळ, एकट्यानं, बघायचा होता. सोनिया चपला घालून, टेकाडावरच्या वाटेनं निघून गेली.

संध्याकाळी त्यानं तात्याबाला फोन लावला. सगळं सांगितलं. भाऊ खूश होईल, असं त्याला वाटलं होतं. पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता.

“त्याला ठावं हाय का, कशापायी झालं ते?” तात्याबानं विचारलं.

“न्हाई. त्यो त्या बाईवर घसरला.”

“मग अण्णा, तू कुणाचा सूड उगवलास रं? त्याला वाटतंय एका बाईनं हयगय केली. इंजिन दुसरं यील त्याला. माझं नाव कुठं हाय ह्यात?”

बिराप्पानं फोन ठेवला आणि पेटीतून इस्त्रीचा सदरा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर सगळे होते. काठावरचे दुसरे बोटवाले, चहावाला, जयराज, आणि इंजिन बघायला आलेला शहरातला मिस्त्री. बिराप्पा इस्त्रीचा सदरा घालून आला आणि वीरधवलपुढं उभा राहिला.

“दादा, सोनियानं कायबी केलं न्हाई. मी केलं.”

“काय केलं?”

“लाल बोटीला गोडं पाणी दिलं न्हाई. चार म्हयनं मीठ आत ठिवलं. अधनंमधनं बघत हुतो. मुद्दाम केलं.”

वीरधवल त्याच्याकडं बघतच राहिला. मग अगदी खरं न कळल्यासारखं त्यानं विचारलं, “पण का?”

तो प्रश्न बिराप्पाला थपडीसारखा लागला. त्यानं पावसाळाभर या माणसाला मनात धरून ठेवलं होतं, आणि या माणसाच्या मनात ती गोष्ट कुठंच नव्हती.

“तात्याबा पिऊन हुता का, दादा?”

आता वीरधवलच्या डोळ्यांत काहीतरी हललं. “तो विषय संपलाय, मेजर.”

“तुमचा संपला असंल. हुता का पिऊन? येवढंच सांगा. हितं, माणसांत.”

वीरधवलनं खिशातून गाडीची किल्ली काढली. दोर गुंडाळत उभ्या असलेल्या जयराजनं दोर खाली टाकला.

“प्याला नव्हता,” तो म्हणाला. “थांबा म्हणाला हुता. मी ऐकलं. दादांनी बटण दाबलं. मी डॉक्टरांम्होरं खोटी मान हलवली.”

“जयराज!” वीरधवल ओरडला. मग बिराप्पाकडं वळला. “तुला पोलिसांत देतो. एवढी बोट जाळलीस माझी!”

“चला. मी संगं येतो. बोट का जळली ते सांगतो, आन् त्याच्या आधीचं बी सांगतो. जयराज हायच.”

वीरधवल गाडीकडं गेला. दार उघडलं, उभा राहिला, पुन्हा बंद केलं. पोलिसांत तो गेला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. माफीही त्यानं कधी मागितली नाही. बिराप्पानं आपली पेटी उचलली आणि चालू लागला.

चहावाल्यानं हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. बिराप्पाची एसटी जतला पोचायच्या आधी ते गावात पोचलं. देवळापुढच्या म्हाताऱ्यांनी ते एकमेकांच्या हातातून घेऊन पाहिलं. ज्यांनी तात्याबाला टोमणे मारले होते त्यांच्यापैकी काहीजण येऊन अंगणात बसले, काय बोलावं ते न सुचून पावसापाण्याचं बोलले आणि चहा पिऊन गेले. धोंडुबाईनं दिराच्या ताटात दोनदा तूप वाढलं. तात्याबा मात्र ते चित्रण पुन्हा पुन्हा एकाच जागी थांबवून बघत होता.

“अण्णा,” तो शेवटी म्हणाला, “त्याला खरंच आठवत नव्हतं रं. बघ की, ‘पण का’ म्हणतोय.”

पुढं बिराप्पा सांगलीला आला. कृष्णेला पूर येतो तेव्हा गावोगावच्या बचाव बोटी कामाला लागतात, आणि एरवी त्यांची इंजिनं धूळ खात पडतात. ती दुरुस्त करण्याचं छोटं दुकान त्यानं नदीच्या वरच्या अंगाला टाकलं. जयराज काही दिवसांनी त्याच्याकडंच कामाला आला; बिराप्पानं त्याला घेतलं, पण चहाला कधी बरोबर बसवलं नाही. लाल बोटीचं कुणी विचारलं तर तो लपवत नाही. “व्हय, मीच मारली,” म्हणतो, “आन् पुन्हा मारीन.” तो आवाज कसा होता, हे सांगताना त्याचा चेहरा आजही उजळतो.

सोनियाला भेटायला मात्र तो एकदाच गेला. ती महाबळेश्वरच्या खाली एका मळ्यात स्ट्रॉबेरी तोडायला जात होती. वाफ्याच्या टोकाला त्याला उभा बघून तिनं पदर सारखा केला, पण हात थांबवला नाही.

“दादांनी परत बोलावलं हुतं म्हणं तुला,” बिराप्पा म्हणाला.

“व्हय. न्हाई गेले.”

“मी सांगितलं बरं का त्येला, तुजा दोष न्हाई म्हणून.”

“दुसऱ्या दिवशी सांगितलंत, मेजर.” तिनं लाल फळ देठासकट खुडून पेटीत ठेवलं. “त्या दिवशी मी घरी गेले तर सासू म्हणाली, खरं सांग, इसरलीस न्हवं? मला बी वाटाय लागलं, इसरले आसंन. रातभर आठवत बसले, नळ फिरवला का न्हाई. तुमी घरी लावून दिलं हुतं, ते ध्येनात हुतं, पर मी म्हणलं, मेजर आसं करायचं न्हाईत. माझंच कायतरी चुकलं.”

खालच्या दरीतून धुकं वर येत होतं.

“तुमच्या भावाचं खरं झालं, बरं झालं,” ती म्हणाली. “मी बी बघितलं ते मोबाईलवर. पर मी तुमच्याकडं बघितलं हुतं तवा, तुमी हात पुसत हुता.”

“चुकलं माझं,” बिराप्पा म्हणाला.

“व्हय, चुकलं,” सोनिया म्हणाली, आणि पेटी उचलून पुढच्या वाफ्यात गेली.